नातू, भाची, पुतण्या सांभाळताय? बालसंगोपन, प्रतिपालकत्व आणि पेन्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी मी बालसंगोपनाचे अर्ज भरून द्यायला मदत करते. येणारी बहुतेक माणसं आजी, मावशी किंवा काका असतात. हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात घडी घालून घालून फाटायला आलेले मृत्यूचे दाखले. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मुलासाठीचा पैसा, मुलाच्या आईवडिलांनी मागे ठेवलेला हक्क आणि सांभाळणाऱ्याचं स्वतःचं पेन्शन हे तीन वेगळे खिसे आहेत. लोक पहिल्यासाठी चपला झिजवतात आणि दुसरा तपासायचाच विसरतात. माहिती महाराष्ट्रापुरती आहे.

१. बालसंगोपन योजना म्हणजे काय? महिन्याला किती मिळतात?

आईवडील नाहीत किंवा असूनही सांभाळू शकत नाहीत, अशा मुलाला बालगृहात न टाकता कुटुंबातच वाढवता यावं म्हणून राज्य सरकार देतं तो हा पैसा. योजना जुनी, १९७० च्या दशकातली. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग १,१०० झाले, आणि २०२३ पासून २,२५० रुपये आहेत. त्याच वर्षी नावही बदललं: ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’. वय ० ते १८.

रक्कम मुलामागे आहे, सांभाळणाऱ्याचा पगार नाही. हे एकदा नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

२. बालसंगोपन, प्रतिपालकत्व, प्रायोजकत्व, मिशन वात्सल्य… हे सगळं एकच ना? एका ठिकाणी ४,००० लिहिलंय.

एकच नाही, आणि घोळ इथेच होतो.

बालसंगोपन राज्याचं आहे. ‘मिशन वात्सल्य’ ही केंद्राची योजना. तिच्यात प्रायोजकत्व म्हणजे स्पॉन्सरशिप आणि प्रतिपालकत्व म्हणजे फॉस्टर केअर, दोन्हींना महिन्याला ४,००० रुपये आहेत, पण माणसं वेगळी. प्रतिपालकत्वाचे पैसे मुलाशी रक्ताचं नातं नसलेल्या कुटुंबाला मिळतात. आजी, मामा, काका मूल सांभाळत असतील तर केंद्राच्या भाषेत ते प्रायोजकत्वात बसतं. त्याला उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपर्यंत.

म्हणून सख्ख्या आजीने ‘फॉस्टर’चा अर्ज भरला की तो परत येतो. आजीचं काही चुकलेलं नसतं, खिडकी चुकलेली असते.

गंमत म्हणजे २०२१ मध्ये कोविडने विधवा झालेल्या महिलांसाठी राज्यानेही एक मोहीम काढली आणि तिचंही नाव ‘मिशन वात्सल्य’च ठेवलं. कार्यालयात कोणी हे नाव घेतलं तर ‘केंद्राचं की राज्याचं?’ असं सरळ विचारा.

एका मुलाला बालसंगोपन आणि प्रायोजकत्व दोन्ही घेता येत नाही. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर आधी प्रायोजकत्वाचं विचारा, रक्कम मोठी आहे. जिल्ह्याचं उद्दिष्ट भरलंय असं उत्तर आलं तर बालसंगोपनाचा अर्ज अडवून ठेवू नका.

३. वडील वारले, आई आहे. तरी बालसंगोपन मिळतं का?

मिळतं. एक पालक असलेली मुलंही यात येतात. मृत्यू, घटस्फोट, आईने किंवा वडिलांनी टाकून जाणं, पालक तुरुंगात असणं, कॅन्सर, एचआयव्ही किंवा कुष्ठरोगासारखा आजार, अशी कारणं धरली जातात. मूल आईजवळच राहत असलं तरी चालतं. माझ्याकडच्या अर्जांत निम्म्याहून जास्त अर्ज अशा एकट्या आयांचेच असतात.

४. अर्ज कुठे करायचा? कागद कोणते लागतात?

जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष. काही भागांत योजना स्वयंसेवी संस्थेमार्फत चालते. मंजुरी मात्र बालकल्याण समितीच देते. समितीचा आदेश हातात येईपर्यंत ‘झालं काम’ म्हणून निर्धास्त होऊ नका.

मुलाचं आणि तुमचं आधार, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले किंवा दुसऱ्या कारणाचा पुरावा, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड, पासबुकची झेरॉक्स. आणि एक फोटो, ज्यावर सगळे अडतात: घरासमोर, मुलासोबत, पोस्टकार्ड आकाराचा. पासपोर्ट फोटो शेजारी शेजारी चिकटवून चालत नाही. घर पत्र्याचं आहे म्हणून एका काकूंनी शेजारच्या बंगल्यापुढे उभं राहून फोटो काढून आणला होता! गृहचौकशीला आलेल्या ताई पत्ता शोधत बंगल्यात गेल्या. आपलं घर असेल तसं दाखवा. गृहचौकशी बडेजाव बघायला नसते, मूल खरंच तिथे राहतं का, नीट आहे का, हे बघायला असते.

अर्जासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. अर्ज फुकट आहे.

५. बँक म्हणते, ‘तुम्ही मुलाच्या पालक नाही, खातं उघडता येणार नाही.’ आता?

आजी किंवा मावशी कायद्याने मुलाची ‘नैसर्गिक पालक’ नसते, आणि मूल ताब्यात असलं म्हणजे ‘कायदेशीर पालक’ही होत नाही. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाचा आदेश लागतो. क्लार्क बोट ठेवतो ते इथे. तो त्याच्या जागी बरोबर असतो आणि आजीही तिच्या जागी बरोबर असते.

वाटा दोन. मूल १० वर्षांहून मोठं असेल तर त्याला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं, बँकेने घातलेल्या मर्यादेत. लहान असेल तर बालकल्याण समितीचा आदेश आणि बाल संरक्षण कक्षाचं पत्र घेऊन थेट शाखा व्यवस्थापकांना भेटा. काउंटरवर वाद घालून काही होत नाही. खात्याला आधार जोडून घ्यायला विसरू नका, पैसे थेट खात्यात येतात.

६. चार महिने झाले, हप्ताच नाही. बंद झालं का?

बहुतेक वेळा नाही. निधी येईल तसे पैसे येतात आणि कधी कधी पाच-सहा महिन्यांचे एकदम पडतात. किराणा दुकानदाराला हे कोण सांगणार, हा भाग वेगळा. तरी तीन गोष्टी बघून घ्या: आधार खात्याला जोडलेलं आहे का, व्यवहार न झाल्याने खातं बंद पडलंय का, आणि या वर्षीचा बोनाफाईड दिलाय का. आमच्याकडे तो दरवर्षी मागतात. दिल्याची पोच घ्या. एका कार्यालयात मी दिलेले अकरा बोनाफाईड ‘आलेच नाहीत’ म्हणून सांगण्यात आलं होतं. तेव्हापासून पोच घेतल्याशिवाय मी जिना उतरत नाही.

७. दहा वर्षं परक्याचं मूल सांभाळलं. त्याबद्दल मला म्हातारपणी पेन्शन आहे का?

नाही. मूल सांभाळलं म्हणून सांभाळणाऱ्याला मिळणारं पेन्शन आपल्याकडे नाही, ना राज्याचं ना केंद्राचं. प्रतिपालकाचे ४,००० रुपयेही मुलाच्या खर्चासाठी असतात. त्यातून पीएफ कापला जात नाही आणि नोकरीची वर्षंही धरली जात नाहीत. कोणी ‘संगोपन पेन्शन’चा फॉर्म विकत असेल तर ती फसवणूक आहे.

मला हे अन्यायाचं वाटतं. पण वाटणं आणि नियम वेगळे, म्हणून साफ सांगते.

८. मग मला स्वतःला काय मिळू शकतं?

तुमचं वय आणि परिस्थिती बघून, मुलाशी संबंध न लावता. ६५ च्या पुढे आणि गरीब असाल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. ६५ च्या आत आणि विधवा, परित्यक्ता, दिव्यांग किंवा गंभीर आजारी असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. दोन्हींत महिन्याला १,५०० रुपये. दिव्यांगांना २०२५ मध्ये ती रक्कम वाढवून २,५०० केली. अर्ज तहसील कार्यालयात आणि दरवर्षी हयातीचा दाखला.

श्रावणबाळमध्ये कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कोणतं कुटुंब जगतं, हे मर्यादा ठरवणाऱ्यालाच विचारायला हवं.

चाळिशीच्या आत असाल तर अटल पेन्शन योजनेचा विचार करा. १८ ते ४० वयात सामील होता येतं आणि साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपये मिळतात. ५,००० च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी महिन्याला २१० रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी तेच १,४५४ होतात. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून यात नव्याने येता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आज्यांसाठी ही वाट बंदच आहे, पण तरुण मामी-मावश्यांना मी आवर्जून सांगते.

९. नातवाचं बालसंगोपन चालू झालं तर माझं श्रावणबाळ बंद होईल का?

भीती का वाटते ते कळतं. २,२५० गुणिले १२ म्हणजे २७,०००, आणि मर्यादा २१,०००. पण तो पैसा नातवाच्या नावाने, नातवासाठी मंजूर झालेला असतो. म्हणून तो त्याच्याच खात्यात येऊ द्या आणि तिथूनच खर्च करा. सोयीसाठी आपल्या खात्यात वळवून घेतलात तर उद्या तलाठ्याला पासबुक दाखवताना तुम्हालाच समजावत बसावं लागेल. समितीच्या आदेशाची झेरॉक्स पिशवीत कायम ठेवा.

१०. भाची सांभाळते. लाडकी बहीणचे पैसेही घेते. चालतं?

त्या योजनेच्या अटी तुमच्या स्वतःच्या आहेत: वय २१ ते ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. दुसऱ्या सरकारी योजनेतून तुम्ही स्वतः महिन्याला १,५०० किंवा जास्त घेत असाल, म्हणजे संजय गांधीसारखं, तर लाडकी बहीण नाही. पासष्टी ओलांडलेल्या आजीला ती मिळत नाही, तिने प्रश्न ८ पाहावा.

११. मुलाचे वडील कंपनीत होते, पीएफ कापला जायचा. त्याचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून मीच विचारते. पीएफ कापला जात असेल तर बहुधा १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचीही वर्गणी जात असते. नोकरीत असताना माणूस गेला तर एक महिन्याची वर्गणीसुद्धा कुटुंबाच्या पेन्शनला पुरते. ‘फक्त आठ महिने होता हो कामाला’ म्हणून सोडून देऊ नका.

विधवेला पेन्शन मिळतं, किमान १,००० रुपये. शिवाय प्रत्येक मुलाला विधवा-पेन्शनच्या २५ टक्के, एका वेळी दोन मुलांना, २५ वर्षांचं होईपर्यंत. आईही नसेल तर ते अनाथ-पेन्शन होतं: ७५ टक्के, किमान ७५० रुपये, तेही एका वेळी दोघांना. पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट नाही. बालसंगोपन अठराव्या वर्षी थांबतं, हे पेन्शन पंचविसाव्या वर्षापर्यंत चालतं.

फॉर्म १०-डी. त्याबरोबर पीएफची शिल्लक आणि पीएफला जोडलेल्या विम्याचाही दावा करा, विम्याची रक्कम ७ लाखांपर्यंत असू शकते. मूल अज्ञान असेल तर पीएफच्या पैशासाठी पूर्वी पालकत्वाचं न्यायालयीन प्रमाणपत्र मागायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने कळवलं की पैसे थेट मुलाच्या खात्यात जात असतील तर त्याची गरज नाही. म्हणून आधी प्रश्न ५ मधलं खातं.

हे पेन्शन म्हणजे बापाच्या नोकरीतून आणि मालकाच्या वर्गणीतून उभा राहिलेला हक्क आहे. उत्पन्न विचारलं तर लपवू नका, पण आधी तो घ्या.

१२. वडील शेतकरी होते किंवा बिगारी कामावर. पीएफ कुठला?

मग पासबुक आणा. त्यात वर्षातून एकदा ४३६ आणि २० रुपये कापल्याची नोंद दिसते का बघा. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. मागच्या वर्षी एका आजीच्या मयत मुलाच्या पासबुकात ४३६ ची नोंद मिळाली. ती दोन वर्षं त्याच पासबुकातून नातवाचं दूध आणत होती.

नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल तर कल्याणकारी मंडळाकडून नैसर्गिक मृत्यूला २ लाख, कामावर अपघाती मृत्यूला ५ लाख. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला असेल, सर्पदंशही त्यात धरतात, तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून २ लाख. तिथे मुदत कडक असते, दिवस घालवू नका.

१३. सुनेने दुसरं लग्न केलं आणि मुलं आमच्याकडे ठेवली. मुलाच्या वडिलांचं पेन्शन गेलं का?

तिचं थांबतं, मुलांचं नाही. उलट १९९५ च्या योजनेत विधवेने पुनर्विवाह केला की मुलांना अनाथाच्या दराने, म्हणजे २५ ऐवजी ७५ टक्के मिळायला लागतात. पुनर्विवाह कार्यालयाला कळवावा लागतो, आणि इथेच भांडण होतं: सून कळवत नाही, सासर रागात असतं, आणि मुलांचा वाढीव हक्क मधल्यामध्ये लोंबकळतो. सुनेशी बोला. तिने नवा संसार मांडला यात तिचा गुन्हा काही नाही.

१४. मी सरकारी नोकरीत आहे. सांभाळलेल्या पुतण्याचं नाव माझ्या कुटुंब-पेन्शनमध्ये घालता येईल?

नुसतं सांभाळलंय म्हणून नाही. कायदेशीर दत्तक मूल कुटुंबात धरलं जातं, संगोपनातलं नाही. १९९५ च्या पेन्शन योजनेतही तसंच. वारसाहक्काचंही तेच: तुमच्या मागे त्याला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. ‘तो माझ्या मुलासारखाच आहे’ हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वारस-दाखल्यात ‘सारखाच’ असा रकाना नसतो.

१५. कोविडमध्ये दोन्ही आईवडील गेले. वेगळं काही आहे का?

राज्याने २०२१ मध्ये अशा मुलांच्या नावे ५ लाखांची ठेव ठेवली. केंद्राच्या ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन’ योजनेत नोंद असेल तर वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख. त्यातली काही मुलं आता अठरा ओलांडतायत. ठेवीची पावती कुणाच्या कपाटात आहे, हे आजच विचारून ठेवा.

१६. अठरा पूर्ण झाल्यावर सगळं बंद?

बालसंगोपन बंद. अनुरक्षणगृह (अठरानंतर राहण्याची सोय) किंवा पश्चात संगोपनाची (अठरानंतरच्या आधाराची) मदत १८ ते २१ पर्यंत आणि अपवादाने २३ पर्यंत असते, पण ती मुख्यतः संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी. प्रश्न ११ मधलं पेन्शन चालू राहतं.

दोन्ही पालक नसतील तर अठरा व्हायच्या आत अनाथ प्रमाणपत्राच्या मागे लागा. राज्यात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे, आणि नातेवाइकांकडे वाढलेली मुलं ‘संस्थाबाह्य’ गटात येतात. ‘बालगृहात नव्हता म्हणून मिळणार नाही’ असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

१७. आम्हाला मूल नाही. अनोळखी मुलाचं प्रतिपालक व्हायचं आहे.

केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये बदलली. आता एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते, वय ३५ ते ६०. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, काहीही चालतं, फक्त एकट्या पुरुषाला मुलगी दिली जात नाही. जोडप्याचं एकत्रित वय किमान ७० आणि लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. मूल ६ वर्षांच्या पुढचं असतं. अर्ज ‘केअरिंग्ज’ या केंद्राच्या दत्तकासाठीच्या पोर्टलवर.

दोन वर्षं मूल तुमच्याकडे राहिलं तर दत्तकाचा अर्ज करता येतो, पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे. पण दत्तकाचा जवळचा रस्ता म्हणून याकडे येऊ नका. मुलाचे आईवडील असू शकतात, ते भेटायला येऊ शकतात, आणि घडी बसली तर मूल परतही जातं. समितीकडून दर महिन्याला पाहणी होते. हे सोसणार असेल तरच.

१८. माझी बहीण इंग्लंडमध्ये फॉस्टर केअरर आहे. ती म्हणते तिची पेन्शनची वर्षं भरतायत. खरं का?

खरं आहे. तिथे मान्यताप्राप्त फॉस्टर केअररला नॅशनल इन्शुरन्सची (तिथल्या सरकारी विमा वर्गणीची) क्रेडिटं, म्हणजे वर्गणी न भरता धरलेली वर्षं, मिळतात आणि ती सरकारी पेन्शनसाठी धरली जातात. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात. मात्र ती आपोआप पडत नाहीत, सीएफ४११ए नावाचा अर्ज करावा लागतो. बहिणीने तो केलाय का, विचारा.

१९. मीच गेले तर नातवाचं काय? वय झालंय माझं.

बालसंगोपनाचा आदेश तुमच्या नावासकट असतो. तुमच्यानंतर मूल ज्याच्याकडे जाईल त्याने बाल संरक्षण कक्षाला लगेच कळवायचं, पुन्हा गृहचौकशी होते आणि समिती नवा आदेश देते. तोवर हप्ता अडकू शकतो. म्हणून आत्ताच एक करा: मूल कोणाकडे जावं असं वाटतं ते नाव, नातं आणि फोन एका कागदावर लिहून त्या प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा, आणि पुढच्या गृहचौकशीत ताईंना तो दाखवा. रात्री-अपरात्री कोणीच नसेल तर मुलाला १०९८ हा नंबर पाठ करून द्या.